पत्र्यावरचं वाळवण

आमच्या प्रयोगशाळेत बारा महिने एसी चालतो. मे महिन्यात जळगावात माणसं भाजून निघोत, पण थ्रीडी प्रिंटरला घाम फुटता कामा नये! म्हणून प्रेमराज सरांच्या शोधनिबंधात 'सामान्य तापमान' म्हणजे पंचवीस अंश. कुणासाठी सामान्य, हे विचारायची सोय नाही. ते माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक आहेत.

कल्पना माझी होती. केळीच्या पानाचा देठ आडवा कापला की आत पोकळ कप्प्यांची जाळी दिसते. त्या हलक्या देठावर एवढं मोठं पान वाऱ्यात टिकतं. तशीच जाळी छापून मी पायाला बांधायचा आधार केला, पहूरच्या माझ्या प्रमिला आत्यासाठी. अपघातापासून तिचं पाऊल ओढलं जातं. मी उष्णता सोसणारं प्लास्टिक मागितलं होतं. सरांनी मक्यापासून बनणारं निवडलं, कारण त्यात जाळीचे फोटो सुबक येतात.

आधार बांधून आत्या काठीशिवाय शेतात जाऊ लागली. मग एकदा तिने तो स्वच्छ धुतला आणि कुरडयांशेजारी पत्र्यावर वाळत घातला. उन्हाळ्यात आमच्याकडे दुसरं कुठे वाळत घालतात? दुपारपर्यंत तो भिजल्या पापडासारखा लुळा पडला.

आत्या तो पदराखाली झाकून कॉलेजात घेऊन आली. "चूक मनीच शे, माय. तुनी बठ्ठी मेहनत वाया गई."

सर तिच्यासमोरच म्हणाले, "अडाणी लोकांच्या हातात तंत्रज्ञान दिलं की असंच व्हायचं." अहवालात 'रुग्णाचा निष्काळजीपणा' असं लिही, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं नाही. मग त्यांनीच लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं.

प्रकल्पाची तपासणी समिती आली त्या दिवशी सर त्याच प्लास्टिकच्या नव्या आधाराचं कौतुक सांगत होते. असेच आधार आणखी गावांत वाटायचे होते. मी तो टेबलावरून उचलला, बाहेर गेले आणि जनरेटरच्या खोलीच्या बुटक्या पत्र्यावर ठेवला. वर अर्धी वीट ठेवली, आत्याच्या पायापेक्षा हलकीच.

"मयुरी, हे काय चाललंय?" सर धावत आले, मागोमाग समिती.

"वाळवण घालतेय, सर."

सर मला आत चल म्हणत राहिले. समिती मात्र हलली नाही. हळूहळू आधाराची कड वाकली आणि वीट घसरून खाली पडली. समितीतल्या एका बाईंनी पत्र्याला बोट लावलं, चटका बसताच मागे घेतलं.

मी आत्याला फोन लावला, स्पीकर चालू केला. "आत्या, चूक तुझी नव्हती."

"मंग कोनी चूक शे?" तिने विचारलं.

मी फोन सरांच्या तोंडापुढे धरला. ते घाम पुसत राहिले.

"सांगा ना," आत्या म्हणाली, "कोनी शे?"