जावयाने केलेला चष्मा

मिस्त्रींना जावई एकदासुद्धा डोळ्यांसमोर नको असायचा, आणि आता तो दोनदा दिसत होता.

उजवा डोळा बाहेर वळवणारी नस दुबळी झाली होती. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही महिने थांबून पाहिलं आणि सांगितलं, "आता याहून सुधारणार नाही. प्रिझमचा चष्मा करा." सुताराला एका खिळ्याचे दोन दिसले तर हातोडी मारायची कुठल्यावर? मिस्त्रींनी अंगठा ठेचून घेतला, तशी लेकीने कारखान्याची किल्ली पर्समध्ये टाकली.

"आधी चष्मा, मग किल्ली."

असा चष्मा नीट मोजून देणारा जवळपास एकच होता, तिचाच नवरा. बापाला न विचारता तिने त्याच्याशी लग्न केलं होतं. तो पहिल्यांदा पाया पडायला आला तेव्हा मिस्त्रींनी त्याला उंबऱ्यावरूनच परत धाडलं होतं. ते त्याला 'भिंगवाला' म्हणत. तोही त्यांना बाबा म्हणत नसे.

त्याच्या चष्म्याच्या दुकानात लेक सोबत होती. जावयाने समोर एक दिवा लावला आणि मिस्त्रींच्या उजव्या डोळ्यापुढे एक काच धरली.

"हिची एक कड जाड आहे, एक पातळ. उजेड जाड कडेकडे वळतो. बाजूला सरकलेला दिवा त्यामुळे जागेवर येतो. दोन्ही दिवे एक झाले की सांगा."

काचा बदलत गेल्या, दिवे जवळ येत गेले. अजून चांगलं वीतभर अंतर होतं, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "झाले एक."

"नक्की?"

"मी काय खोटं बोलतोय?"

त्याने हाताने त्यांचा एक डोळा झाकला, उघडला, पुन्हा झाकला. मग ओठ आवळून आकडा लिहिला. मिस्त्री मनातून खूश झाले. फसू दे भिंगवाल्याचा चष्मा, लेकीला कळू दे कसल्या माणसाच्या गळ्यात माळ घातली ते.

चष्मा आला. दोन खिळे जरा जवळ आले, पण राहिले दोनच. लेकीला "झकास आहे" सांगून त्यांनी किल्ली मिळवली, आणि त्याच आठवड्यात पटाशी लाकडाऐवजी डाव्या तळहातात घुसवली. टाके पडले.

पट्टी बांधलेला हात घेऊन ते भर गर्दीत दुकानात शिरले. लेक गल्ल्याजवळ होती.

"हे बघा, लोकहो! यानं माझा हात कापला! असला चष्मा करून देतो!"

जावयाने काच पुसायचं कापड खाली ठेवलं. "दिवे एक झाले होते ना, मिस्त्री?"

मिस्त्रींनी उगारलेला हात खाली घेतला.

"नव्हते झाले. डोळा झाकला की दुसरा जागेवरून हलत होता. दिवे एक झाले असते तर हलला नसता. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग केलास कशाला?" हे लेक बोलली. तिचा आवाज इतका खाली होता की गिऱ्हाईकं मागे सरकली.

तो म्हणाला, "म्हटलं, किती दिवस ताठा टिकतो बघू. हात कापेल असं वाटलं नव्हतं."

"वाटलं नव्हतं! आणि बाबा, तुम्ही? खोटं बोललात?"

मिस्त्रींनी मान फिरवली.

तिने गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, शटर अर्धं ओढलं, बापाला खुर्चीत बसवलं आणि नवऱ्याच्या हातात काचा कोंबल्या. "मोज. आणि तुम्ही खरं बोला. दोघांनी एक जरी शब्द जास्त काढला तर मी कुणाचीच नाही."

या वेळी मिस्त्री शेवटपर्यंत थांबले. दिवे सरकत सरकत एकमेकांत शिरले. "झाले," ते पुटपुटले. जावयाने डोळा झाकून पाहिला. डोळा स्थिर होता.

त्याच संध्याकाळी नवा चष्मा जावयाने टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला, हातात दिला नाही. मिस्त्रींनी तो चढवला. एक टेबल, एक दार, दारात एक लेक, रडून सुजलेल्या डोळ्यांची.

"काढला की पुन्हा दोन दिसतील," जावई म्हणाला. "नस बरी झालेली नाही."

"ठाऊक आहे."

"हाताला पाणी लावू नका."

"तू मला शिकवू नकोस, भिंगवाल्या."

लेकीने पर्स उचलली आणि दोघांकडेही न बघता ती निघून गेली. मिस्त्री उठून तिच्यामागे गेले, पण तोवर ती रस्त्याच्या टोकाला पोचली होती.