आधी जागा

साहेबांनी तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी टेप थांबवली आणि विचारलं, यात मेडे कुठे आहे?

समुद्रावरच्या बोटींची हाक ऐकण्यात वायरलेसवाल्याची एकतीस वर्षं गेली होती. संकटात मेडे तीनदा म्हणायचं, मग बोटीचं नाव, मग जागा, हे मच्छीमारांना शिकवणाराही तोच. टेपवरचा बोटवाला मात्र थेट म्हणाला होता, "दीपगृहाच्या दक्षिणेला चार मैल. पाणी भरतंय. पाच जण आहोत."

पाचही गेले होते. आता वायरलेसवाल्याने फक्त एका कागदावर सही करायची होती : बोटचालकाने ठरलेल्या पद्धतीने हाक न दिल्याने मदतीला उशीर झाला. बोटवाल्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. सकाळी तिने विचारलं होतं, "काका, यांचंच चुकलं का हो?" आणि तो घाईने आत निघून आला होता.

कारण दर वर्षी धक्क्यावर धडा संपला की तो आपल्या पदरचं एक वाक्य जोडायचा. पाणी वायरलेस सेटपर्यंत आलं तर पुस्तक गुंडाळून ठेव आणि आधी जागा सांग; तू कोण ते मी मागून शोधीन. पोरं हसायची. या एकाने ते लक्षात ठेवलं होतं.

त्याने हात लांबवून टेप पुढे सोडली. त्या वेळी किनाऱ्यावर ड्यूटीवर असलेल्या माणसाचा आवाज आला, "नीट पद्धतीने कॉल करा. आधी मेडे तीनदा." बोटवाला म्हणू लागला, "मेडे. मेडे." तिसरा आलाच नाही.

वायरलेसवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, साहेब. आपण त्याला काडी कशी धरायची ते शिकवत बसलो."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, निवृत्तीला चार महिने राहिलेत, उगाच अंगाशी येईल. येऊ दे, म्हणत त्याने ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं : आधी जागा सांग, असे मी शिकवले होते. त्याने तसेच सांगितले. आम्हाला सर्व ऐकू आले होते.

मग सही करून तो बाहेर आला. ती उठून उभी राहिली.

"त्याचं काही चुकलं नाही, बाई," तो म्हणाला. "आमचं चुकलं."

ती पुन्हा बाकावर बसली. तोही शेजारी बसला.