अंडं तेवढं परत

सूनबाईने ठिपकी बकरीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून पाहिली. कूस नगाऱ्यासारखी ताणलेली होती. ठिपकीने मान वळवून असं पाहिलं, की चूक जणू सूनबाईचीच आहे.

"पुन्हा फुगली?" कुंपणापलीकडून नवऱ्याने विचारलं.

"पुन्हा. काळी बघ, ठणठणीत आहे. हिलाच काय होतंय कळत नाही."

"बघता बघता कळेल. बस तू तुझं स्टूल घेऊन."

त्या स्टुलावरून तो तिला नेहमी चिडवायचा. पण ही रीत सासूबाईंची होती. झाड लावायचं असो की कोंबड्यांचं खुराडं हलवायचं असो, आधी तिथे बसून बघायचं. पाणी कुठे साचतं, सावली कुठे सरकते, कोंबड्या कुठे उकरतात. परसातली सगळी बाग त्यांनी अशी बसून बसून उभी केली होती. दुसरा नियम त्याहून कडक होता. इथलं काही वाया घालवायचं नाही. सालं कोंबड्यांना, कोंबड्यांचं खत झाडांना, अंड्यांची टरफलं कुटून पुन्हा कोंबड्यांना. बकऱ्या आणायचं त्यांच्याच मनात होतं, पण ते राहून गेलं. त्या गेल्यानंतर सूनबाईने हट्टाने दोन आणल्या. तण खातील, खत देतील, आणि घरात जरा आवाज होईल.

जनावरांच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं, "थोडं तेल पाजा आणि चालवत राहा. कोंबड्यांचा दाणा खात असेल. दाणा, पाव, असलं काही जास्त पोटात गेलं की फुगतात. दुर्लक्ष केलंत तर जीव जाईल."

तिने खुराड्याचं दार तपासलं. ते खुराडं सासऱ्यांनी बांधलेलं. हाडाचे सुतार. बकऱ्या आल्या तेव्हा दार लहान करून द्या म्हणून ती त्यांच्या खोलीत गेली होती. त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं, "दुसऱ्या कुणाकडून करून घे." शेवटी नवऱ्याने एक फळी वाकडीतिकडी ठोकली. वाकडी असली तरी तिच्याखालून कोंबडीच जेमतेम जायची. बकरीचं तोंड काही शिरत नव्हतं.

सासूबाई गेल्यापासून सासरे त्या मागच्या खोलीतून बाहेरच येईनात. ताट जसं जायचं तसंच परत यायचं. अंगावरचा सदरा हँगरला लावल्यासारखा दिसायला लागला होता. पण बकऱ्या आल्या आणि ताटं रिकामी येऊ लागली. उकडलेलं अंडं तेवढं परत यायचं. अंड्यांचा कंटाळा आला असेल, असं तिने धरून टाकलं. पहिलं रिकामं ताट धुताना तिला रडू आलं होतं, आणि नवऱ्यानेही त्या दिवशी एकही विनोद केला नव्हता.

दुपारी ती केळीच्या आड स्टूल टाकून बसली. काळी तण खात होती. ठिपकी मात्र खाणं सोडून घराच्या मागच्या भिंतीपाशी गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढचे पाय तिने भिंतीला टेकले. वरची, मागच्या खोलीची खिडकी उघडली. एक हात बाहेर आला. हातात पाव होता.

"हळू खा. कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

पावामागून भाजी आली, मग आणखी पाव. शेवटी अंडं आलं. ठिपकीने ते हुंगलं आणि फुर्रकन नाक उडवलं.

"नको? बरं, राहू दे."

खिडकी लागली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सूनबाई तिथेच बसून राहिली. आधी राग आला. इतके दिवस आपण त्या रिकाम्या ताटांवर समाधान मानत होतो आणि हा माणूस उपाशी राहत होता. मग आठवला तो आवाज. 'कुणी मागे लागलंय का?' पूर्वी जेवताना सासूबाईंनी घाई केली की ते अगदी असंच म्हणायचे. बोलून दाखवलं तर ते ओशाळतील, खिडकी कायमची बंद होईल. न बोलावं, तर बकरीही जाईल आणि तेही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला बकऱ्यांच्या कुंपणाच्या सुट्या चौकटी उचलायला लावल्या.

"इथे तण बाकी आहे अजून. हलवतेस कशाला?"

"दाराजवळ हवं मला."

"का?"

"ज्याच्याकडे रोज जायचं ते दाराच्या वाटेवर असावं. आई सांगायच्या ना?"

"आपण दोघं तर रोज जातोच की!"

"धर नीट. पाय जाईल माझा."

कुंपण मागच्या दारापाशी गेलं. खिडकीतून बकऱ्या दिसत होत्या, पण हात पोचत नव्हता.

त्या संध्याकाळी ताट भरलेलं परत आलं. सकाळचंही. नवऱ्याने काळजीने विचारलं, "बाबांना बरं नाही का?" आपलं शहाणपण अंगाशी आलं, असं तिला वाटायला लागलं. ठिपकी खिडकीकडे तोंड करून ओरडत होती.

दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. सासरे ताट घेऊन उंबऱ्यात उभे होते आणि खाली चपला शोधत होते.

"आधी ही कोंबडी उठव माझ्या चपलेवरून."

तिने उठवली. ते उन्हाला डोळे बारीक करत कुंपणापाशी आले.

"हिला इकडे कुणी आणलं?"

"मी. तिकडे ऊन लागत होतं."

"ऊन इकडेच जास्त आहे."

तिने तुतीची एक फांदी तोडली आणि त्यांच्यापुढे धरली.

"पाव नका देऊ, बाबा. पोट फुगतं तिचं. पाला द्या."

तिच्याकडे न बघता त्यांनी फांदी घेतली. ठिपकीने लगेच ती ओढायला सुरुवात केली. एका हातात फांदी, दुसऱ्या हातात ताट, अशी त्यांची पंचाईत झाली.

"मग याचं काय करू?"

तिने केळीआडून स्टूल आणून त्यांच्या मागे ठेवलं.

"वाया तर घालवायचं नाही."

ते बसले. त्यांची नजर खुराड्याकडे गेली.

"ती फळी कुणी ठोकली?"

"तुमच्या मुलाने."

"दिसतंच आहे. करवत काढून ठेव उद्या."

ठिपकी पाला चावत होती. त्यांनी ताट मांडीवर घेतलं.

"अंडं तसंही ती खात नव्हती," ते म्हणाले, आणि स्टुलाच्या कडेवर त्यांनी अंडं फोडलं.