ग्व्लानेनची शाल

मेरेरिदने तान्ह्या इवानला मार्जरीच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि अंगावरच्या लोकरी शालीत गुंडाळलं. एक टोक बाळाखालून नेऊन कमरेशी खोचलं, दुसरं वरून घट्ट आवळलं. तासभर घर डोक्यावर घेतलेलं पोर गप्प झालं.

"जादूच की हो, विहीणबाई," मार्जरी म्हणाली. "फ्लॅनेल ना हे?"

"आम्ही ग्व्लानेन म्हणतो. फ्लॅनेल तुम्ही इंग्रज."

"अहो, आमचा शब्द तुमच्या वेल्शवरूनच आलाय म्हणे. ग्व्लान म्हणजे लोकर ना? परवाच वाचलं मी."

मेरेरिदच्या आईने, आजीने खालच्या गिरणीत जन्मभर हेच कापड विणलं. पण ग्व्लानेन म्हणताना आपणच इंग्रजी शब्द मोडूनतोडून बोलतो, असं तिला शाळेपासून वाटत आलं होतं. आता घरचा शब्दसुद्धा या बाईच्या हातून परत घ्यायचा! मुलगा बाईंच्या ब्रिस्टलला नोकरीला निघाला होता, सून तर त्यांचीच लेक, आणि आजपासून नातूही त्यांच्याच मांडीवर वाढणार. मेरेरिदचा नुसता जळफळाट होत होता.

बाहेर सून कधीची गाडीत बसली होती. एमरिसने दारातून हाक मारली.

"आई, दे आता त्याला."

तिने शाल सोडवून पोर मार्जरीकडे दिलं. त्याने लगेच भोकाड पसरलं. मेरेरिदला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. ती पाठ फिरवून कप विसळू लागली.

मार्जरीने थोपटलं, गाणं म्हटलं, येरझाऱ्या घातल्या.

"माझ्याकडे राहतच नाही हो हा," ती शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाली. "तिथं ही दोघं कामावर जाणार. मी एकटी काय करू याचं?"

"होईल सवय."

रडून रडून पोराचा आवाज बसला. मेरेरिदने हात पुसले आणि शाल मार्जरीच्या खांद्यांवर टाकली.

"हे टोक इकडं खोचा. अजून ओढा. मोडत नाही तो."

इवानने लोकरीत नाक खुपसलं, दोन हुंदके दिले आणि मार्जरीच्या छातीशी झोपला.

"शाल काढून देते हं तुमची," मार्जरी कुजबुजली.

"काढलीत की उठेल. जा तशाच."

मेरेरिद फाटकापर्यंत गेली. गाडी वळली, तरी कान देऊन उभी राहिली. निदान निघताना तरी तो तिच्यासाठी रडेल, असं तिला वाटलं होतं.