नादबाबांची बोलती तबकडी

सासूबाईंच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी खुर्च्यांच्या हातांवर बसले होते, खिडकीत चढले होते. मधल्या टेबलावर एक अगडबंब ग्रामोफोन, त्याच्या बुडाला मखमली कापड गुंडाळलेलं, आणि वर परातीएवढी काळी तबकडी. यंत्रामागे नादबाबा डोळे मिटून उभे.

सासूबाईंची आई पहिल्यावहिल्या बोलपटांत काम करायची. सासूबाई लहान असतानाच ती गेली. बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या माळ्यावर तिच्या बोलपटाच्या तबकड्या सापडल्या आणि मालकाने त्या आणून दिल्या. वार्ता फुटली आणि दुसऱ्याच दिवशी बाबा दारात हजर!

"लावा सुई, कुणीही लावा," बाबा म्हणाले.

मी पुढे झालो. तबकडीच्या कडेवर सुई टेकवली, तर ती घसरून बाहेर. पुन्हा टेकवली, पुन्हा बाहेर.

"जावईबापू, आत्मा परक्याला जवळ करत नाही." बाबांनी तबकडीच्या मध्याशी सुई ठेवली. चिरकी किंकाळी उठली. सगळे दचकले. "तडफडतेय बिचारी! शांत हो, माउली!" एक हात हवेत, दुसरा मखमलीखाली. आणि किंकाळीतून बाईचा स्वच्छ आवाज उमटला, "मला सोडवा हो! जीव घुसमटतोय माझा!"

बाबांनी झटकन सुई उचलली. सासूबाई ढसाढसा रडू लागल्या.

"तबकड्या आश्रमात नेऊन फोडल्या की ती सुटली," बाबांनी तबकड्या भरायला आपली पेटी उघडली. सासूबाईंनी मान डोलावलीसुद्धा.

"एकही तबकडी इथून हलणार नाही."

दारात माझी बायको उभी होती. ती ध्वनिसंग्रहालयात काम करते. जुने आवाज जतन करणं हाच तिचा धंदा.

"अगं, तुझी आजी आहे त्यात," सासूबाई कळवळल्या.

"म्हणूनच सांगतेय, आई." तिने थेट मखमलीला हात घातला.

"हात लावशील तर भस्म होशील!"

"होऊ द्या." तिने कापड ओढलं. खाली एक खटका होता. "ही आत्म्याची शांती! यंत्र जोरात फिरवलं की किंकाळी, हळू केलं की बाई. आणि सुई घसरते, कारण या तबकड्या आतून बाहेर वाजतात. हा बघा, मध्याशी सुरुवातीचा बाण. त्या वेळी काही बोलपटांचा आवाज फिल्मवर नसायचा, अशा तबकडीवर असायचा. पडद्यावर चित्र आणि खाली ही, दोन्ही एकदमच सुरू करायची. ही फुटली की आजी कायमची मुकी."

"नास्तिक बाई! वाजवू नकोस, कोप होईल!"

"कोपाचं मी बघते. तुम्ही मध्येच सुई का उचललीत, ते सगळ्यांना कळू दे." तिने नवी सुई बसवली आणि बाणापाशी अलगद टेकवली.

"मला सोडवा हो! जीव घुसमटतोय माझा!"

मग एक पुरुषी आवाज, "किल्ली सापडत नाही गं! आणि खरं सांगू? तू पेटाऱ्यात असल्यापासून घरात काय शांतता आहे!"

"बाहेर येऊ दे मला, मग दाखवते शांतता!"

खिडकीतला एकजण फिस्सकन हसला आणि मग अख्खी खोली.

"हे महाराज मागच्या वर्षी आमच्या संग्रहालयात अशाच तबकड्या विकायला आले होते," बायको म्हणाली. "तेव्हा दाढी नव्हती."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे ती माझी आई नाही?"

"तीच आहे. पण ती तडफडत नाहीये, आई. काम करतेय. आणि काय झकास करतेय!"

सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्या उठल्या. बाबा 'श्रद्धेचा अपमान' वगैरे पुटपुटत होते.

"माझी आई लोकांना हसवायची. तू तिचं भूत केलंस. चालता हो!"

बाबा गेले. मखमल तेवढी राहिली. तबकड्या संग्रहालयात गेल्या. हलक्या सुईने त्यांची नक्कल निघाली आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच आईचा अख्खा बोलपट ऐकला.

गेलेल्या माणसाचा आवाज कुणी ऐकवला, तर खुशाल रडा. पण डोळे पुसून झाल्यावर उभे राहा, यंत्रावरचं कापड ओढा आणि ठणकावून विचारा: पुढचं वाक्य काय आहे?