शेवटचा एंटर

रुचिराने टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की शेजारच्या अनयचा चहा हिंदकळला.

"सापडलं! अनय, इकडे बघ. माझी चूक नव्हतीच."

अनयने मान वळवली, खुर्ची मात्र जागेवरच ठेवली.

गोरेगावच्या त्या ऑफिसात एक रीत होती. फाइलमध्ये काम केलं की तिच्या शेवटच्या ओळीत आपलं नाव आणि तारीख टीप म्हणून लिहायची. टीप माणसांसाठी असते. कॉम्प्युटर ती ओळ संपेपर्यंत सगळं सोडून देतो. ही रीत टीम लीड सहदेवची. जबाबदार कोण ते कळलं पाहिजे म्हणे! रिकाम्या ओळींचाही त्याला भारी तिटकारा. म्हणून सगळ्या फाइली जोडून वेबसाइट तयार करणाऱ्या कोडमध्ये त्याने प्रत्येक फाइलच्या शेवटचा एंटर, म्हणजे पुढचा मजकूर नव्या ओळीवर नेणारी खूण, छाटून टाकायची सोय केली होती.

एंटर गेला, की पुढच्या फाइलची पहिली ओळ आधीच्या टिपेला चिकटायची आणि तीही टीपच ठरायची. एरवी फाइलच्या सुरुवातीला नुसतं वर्णन असे, ते गेलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. या खेपेला रुचिराच्या नावापुढे चिकटली ती एका इस्पितळाच्या वेबसाइटमधली, औषधाच्या अ‍ॅलर्जीचा इशारा दाखवणारी ओळ.

शनिवारी तो इशारा दिसलाच नाही. एका म्हाताऱ्या बाईला नको ते इंजेक्शन टोचायची तयारी झाली होती. नर्सने जुना केसपेपर चाळला म्हणून ती वाचली. सोमवारी सकाळी सहदेवने इस्पितळाला मेल पाठवला, त्यात जबाबदार म्हणून रुचिराचं नाव होतं.

तेव्हापासून तिला जेवण जात नव्हतं. घरी आईने ताट पुढे केलं की तिला आईचा दंड दिसायचा, आणि त्यावर टेकलेली सुई. आपल्या हातून एक माणूस मेलं असतं, हे एकच डोक्यात. आज गुरुवार होता.

लॅपटॉप उचलून ती सहदेवच्या केबिनमध्ये घुसली.

"ही छाटणी कोणाची आहे बघ."

सहदेवने स्क्रीनकडे पाहिलंही नाही. "माहितीये."

"काय माहितीये?"

"अनयने सोमवारी दुपारीच दाखवलं मला. पण मेल गेला होता ना तोवर. आता दुसरं नाव कळवलं तर कंपनीची वाट लागेल, यार. इशाऱ्याची ती ओळ दुरुस्त केलीये मी. विषय संपला."

रुचिराला संतापाने नीट दिसेनासं झालं.

"विषय संपला? चार दिवस मी स्वतःला खुनी समजतेय, सहदेव! आणि तुम्ही दोघं नुसते बघत बसलात?"

सहदेवने घाईने उठून केबिनचं दार लावलं. तिने ते पुन्हा उघडलं, सताड.

जागेवर येऊन तिने मेल लिहिला. कोडची ती ओळ, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव. इस्पितळाला पाठवला आणि सगळ्या ऑफिसला प्रत दिली. एकही शब्द बदलावासा वाटला नाही. शेजारच्या खुर्चीकडे तिने पाहिलं नाही.

संध्याकाळच्या मुलुंडच्या बसमध्ये अनय आधीच चढला होता. बाजूच्या सीटवर बॅग ठेवून त्याने जागा धरली होती.

"बस ना," तो हळू आवाजात म्हणाला. "रुचिरा, ऐक. माझं अप्रेझल त्याच्या हातात आहे गं. सांगणार होतो मी तुला."

"माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता," रुचिरा म्हणाली. "माझा डबा रोज तू संपवत होतास ना रे?"

अनयने बॅग मांडीवर ओढून घेतली. मागून भाजीची पिशवी सांभाळत एक बाई पुढे आली.

"कोणी बसतंय का हो इथे?"

"नाही. बसा तुम्ही," रुचिरा म्हणाली आणि नाहूरचा आपला स्टॉप येईपर्यंत दांडा धरून उभी राहिली.