पोकळ चौकट

सुतक फिटलं, आबांची गंधमुक्ती उरकली, पाहुणे आपापल्या गावी पांगले, तेव्हा कुठे रुपाच्या लक्षात आलं की आबांच्या खोलीत कोंदट वास येतोय. खिडकी उघडायला ती गेली, तर खिडकी जागची हललीसुद्धा नाही.

नंदुरबारात रेल्वे आली त्या काळात कुणा जिनिंगवाल्या साहेबानं बांधलेला हा बंगला. तिच्या वडिलांनी, हिलालआबांनी, तो घेतला तेव्हा सागाच्या खिडक्या कुजत आल्या होत्या. या खिडक्यांना बाहेर उघडणाऱ्या झडपा नाहीत. खालचं तावदान उचललं की वर सरकतं. निवृत्तीनंतर आबांनी एकेक खिडकी उतरवली, कुजका भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधला, अळशीचं तेल मुरवलं. "पहिले खिडकीसले तेल पाजे, मंग सोता जेवे," असं माय परवा सांगत होती, तेव्हा बसायला आलेल्या बायका हसल्या होत्या. बहुधा रुपाही हसली असावी.

तिची धडपड ऐकून धाकटा भाऊ हेमराज दारात आला. हे घर आता त्याचं आणि मायचं.

"उघडत नही आते ती," तो म्हणाला. "चौकट पोकय वाजे. लोके येतीन म्हनीसन मी मिस्तरीले सांगं, सिमेंट भरी टाक."

लाकूड पोकळ वाजलं म्हणजे आतून उधईनं, वाळवीनं, खाल्लं, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात हेमराजचं काय चुकलं?

"बाकीनीसमा भरं का?"

"नही. बठ्ठ्याच पोकय शेतस, कितल्या भरू? सकाय ॲल्युमिनियमवाला माप लेवाले येस. काढीच टाकूत."

रुपानं कपाटातून पेचकस घेतला आणि जेवणाच्या खोलीत गेली. हेमराज मागोमाग आला. खिडकीच्या चौकटीला आतल्या अंगानं, खाली, एक चिंचोळी फळी होती. तिचे स्क्रू रुपानं काढले. आत, पोकळीत, सुती दोराला एक लोखंडी वजन टांगलेलं होतं. वरच्या चाकावरून येणारा तो दोर पलीकडे तावदानाला बांधलेला.

"तावदान वर कर."

हेमराजनं एका हातानं उचललं. तावदान अलगद वर गेलं, वजन खाली उतरलं. त्यानं हात सोडला, तरी तावदान जिथल्या तिथे थांबलं.

"उधई नही शे," रुपा म्हणाली. "वजनले जागा पाहिजे म्हनीसन पोकय."

हेमराज वाकून बघत राहिला.

"पुस्तकमा वाचं का तू हाई?"

"आबांनी दाखाडं."

"माले नही दाखाडं."

"तू इचारं नही."

बोलून झाल्यावर आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, एवढं तिला कळलं. वाटलं मात्र नाही.

हेमराजनं फोन काढून ॲल्युमिनियमवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मग हातोडी-छिन्नी घेऊन तो आबांच्या खोलीत गेला आणि चौकटीतलं सिमेंट फोडायला बसला. सिमेंट दगडासारखं धरलं होतं. त्याचा कपचा निघेना. घाव सागावरच बसत होते. आबांनी सांधलेला तुकडा उभा चिरला, तेव्हा माय, कौसाबाई, आत आली.

"ऱ्हाऊ दे भाऊ. फाडी टाकशी तू तिले."

"माय, मीच बंद करी ना ती."

"काचमातून उजेड येस. ऱ्हाऊ दे."

तिनं त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि पदराला पुसली. हेमराज उठला, खाली बघतच बाहेर गेला.

थोड्या वेळानं जेवणाच्या खोलीतून आवाज आला. तावदान वर जाताना चौकटीच्या आत वजन हलकेच आपटत होतं. मग स्वयंपाकघरातून, मग ओसरीच्या बाजूनं. तो घरभर फिरून एकेक खिडकी उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता.

रुपानं आबांच्या खिडकीच्या चौकटीवर बोटानं ठोकून पाहिलं. ती भरीव वाजली.